लांबड्याने विचारलंच नाही

लांबड्या शेवटपर्यंत बोललाच नाही.

बोटीच्या धक्क्यावर तो बाकावर बसलेला. हातात पांढरी काठी. समोरून ती येते, बरोबर नवरा, कडेवर मूल. लांबड्याला आता दिसत नाही, पण तिची चाल तो कानाने ओळखतो. तोंडावर सगळं उमटतं. ओठ हलतात. मी दिवाणाच्या कडेला सरकून बसले, हातात निवडायची गवार तशीच. बोल रे बाबा, आता तरी बोल. आणि हा माणूस मान खाली घालतो. ती पुढे निघून जाते, बोट सुटते. मग नुसता समुद्र, आणि पाठोपाठ नावं वर सरकायला लागतात.

"मेल्या!" मी रिमोट दिवाणावर आपटला. "संपली? ही अशी संपली?"

सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. "संपली मां," त्या म्हणाल्या. "बंद कर. करंट जाता फुकट."

आमच्या घरात हे कोरियन प्रकरण ऋतिकाने आणलं, म्हणजे माझ्या मुलीने. नोकरी लागून ती हैदराबादला गेली आणि तिचं वेड आमच्या गळ्यात राहिलं. दुपारची जेवणं झाली, ओटा पुसला, की मी आणि सासूबाई टीव्हीसमोर बसतो. खाली इंग्रजी ओळी येतात, त्या मी भराभर मराठीत वाचायच्या आणि सासूबाईंनी ऐकायच्या, अशी आमची पद्धत. माझं इंग्रजी शाळेत दहावीपर्यंत जेवढं झालं तेवढंच. बाकीचं या ओळींनी शिकवलं. सगळ्यांचे आवाज मीच काढते. खाष्ट आई आली की माझा आवाज आपोआप आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा होतो. रडायला मात्र मला सवड नसते. डोळे भरून येईतो पुढची ओळ येऊन उभी राहते. रडण्याचं खातं सासूबाईंकडे.

त्या लोकांची नावं आमच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून सासूबाई पहिल्याच भागात बारसं उरकून टाकतात. या मालिकेतला नायक उंच, म्हणून लांबड्या. त्याचं सूप विकायचं छोटंसं हॉटेल. नायिका शहरात बस चालवते, म्हणून ती ड्रायव्हरीण. रोज शेवटची फेरी संपवून ती त्याच्याकडे सूप प्यायला येते. इतकं सुरेख चाललं होतं सगळं! मग डॉक्टर लांबड्याला सांगतो की तुझी नजर जाणार. झालं. लांबड्या तिला म्हणतो, माझं तुझ्यावर प्रेम नव्हतंच कधी. हॉटेल विकतो आणि कुठल्याशा बेटावर निघून जातो. का, तर तिच्या भल्यासाठी.

महिनाभराच्या दुपारी आम्ही या माणसाला दिल्या होत्या.

आणि हे काही पहिल्यांदा नाही. त्याआधी एक चिनी पाहिली, त्यात जन्मोजन्मी एकमेकांना शोधत फिरल्यावर बाईसाहेब शेवटी ढगात विरघळल्या. जपानी पाहिली. जपान्यांकडे कोणी मरतसुद्धा नाही. दोघं वाकून एकमेकांना नमस्कार करतात आणि आपापल्या सायकलीवरून घरी जातात. हे मरण्याहून वाईट. मला त्या लिहिणाऱ्यांची अगदी किळस आली आहे. दुःखाला माझी ना नाही. पण धडधाकट सुखाला मुद्दाम पाय आडवा घालायचा, वर पियानो वाजवायचा, आणि बायकांनी त्याला खोल म्हणायचं!

"मला सांगा," मी सासूबाईंना म्हटलं, "हा काय शेवट झाला?"

"बरा केल्यान तेणां," सासूबाई म्हणाल्या. मुंबईत उभा जन्म गेला तरी मनातलं बोलायचं झालं की त्या मालवणीवरच येतात. "त्या चेडवाच्या गळ्यात आंधळो घोव कित्याक? शाणो झिल. गप निघान गेलो."

"शहाणा? आई, त्याने तिला विचारलं का?"

"काय इचारूचा?"

"हेच. की बाई गं, माझे डोळे जाणार आहेत, तू राहतेस का जातेस? ती अख्खी बस चालवते हो. माणसांनी भरलेली. तिला एवढं ठरवता आलं नसतं?"

"ती ऱ्हवलीच असती."

"मग राहू दे ना!"

"म्हणानच इचारूक नाय तेणां." सासूबाईंनी माझ्या मांडीवरची गवार ओढून घेतली आणि शिरा काढायला लागल्या. "तुका नाय कळाचा."

मी ऋतिकाला फोन लावला. ती ऑफिसात, कुजबुजत म्हणाली, "मम्मी, किती वेळा सांगितलं, शेवट आधी बघून घ्यायचा गूगलवर. सॅड असेल तर हातच लावायचा नाही. यार, मी तुला लिस्ट करून देते हॅपीवाल्यांची."

"आजी म्हणते, बरं केलं त्याने."

"आजी ना, आजी फुल ड्रामा आहे," ऋतिका हसली आणि कोणीतरी आलं म्हणून फोन ठेवला.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून तो कायम स्पीकरवर असतो आणि त्यांचं खाजगी बोलणं तळमजल्यापर्यंत जातं. हात गवारीत, त्यामुळे बटण मीच दाबलं.

"काकी!" गावाहून दशरथ, माझ्या चुलतदिराचा आवाज. "शुक्रवारची गाडी गावली गो. खालची सीट आसा, चढाउतराचो त्रास नाय. मी बोरिवलेक येतंय तुका घेऊक. सामान जास्त करू नको. वयनीक सांगलंस मां?"

सासूबाईंनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दशरथ, मागसून फोन कर," त्या म्हणाल्या.

"नाय सांगलंस? काकी, आता कधी सांगतलंस? नंदादादान तर..."

मी फोन बंद केला.

आता इथे आमच्या घराचं सांगायला हवं. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. महिनाअखेरीला सगळ्यांनी घरं रिकामी करायची, आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत भाड्याने कुठेतरी दिवस काढायचे. ह्यांनी, म्हणजे नंदकुमारनी, कांदिवलीला एक घर पाहून ठेवलं होतं. एक खोली, स्वयंपाकघर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाईंचे गुडघे असे की आमच्या पहिल्या मजल्यावरून त्या फक्त मतदानाला आणि डॉक्टरकडे उतरतात. तिसऱ्या मजल्याचं कसं करायचं, हा विषय आमच्याकडे रोज जेवताना निघायचा आणि ताकभाताबरोबर संपायचा. बघू, करू, काहीतरी होईल.

तर काहीतरी झालं होतं. माझ्या पाठीमागे.

"शुक्रवारी कुठे निघालात, आई?"

"गावाक. जरा ऱ्हवान येतंय. चार दिवस."

"चार दिवसांना सामान कशाला लागतं?"

त्या गवार मोडत राहिल्या. आणि मला एकेक दिसायला लागलं. गेल्या आठवड्यात त्यांनी आपली लोकरीची शाल शेजारच्या बाईंना देऊन टाकली होती. देव्हाऱ्यातला त्यांचा माहेरचा बाळकृष्ण मला घासायला दिला आणि म्हणाल्या, ह्याका रोज लोणी नको, साखर चालता. मी मान डोलावली होती. बाईच्या लक्षात कसं येत नाही, असं मी त्या ड्रायव्हरिणीला महिनाभर म्हणत होते.

खरं सांगायचं, तर सगळ्यात आधी माझ्या मनात जे आलं ते निराळंच होतं. मनात आलं की कांदिवलीच्या खोलीत मग एक कपाट मावेल. अर्धा क्षण. पण आलं. त्या लांबड्याच्या शेवटाची आली नव्हती इतकी किळस मला स्वतःची आली.

"आई," मी म्हटलं, "म्हणजे तुम्हीच लांबड्या."

"काय?"

"तोंड मिटून निघून जायचं. बेटावर. आणि आम्ही इथे बसायचं, बोट बघत."

"गो, तुका सांगलंय असतंय, तर तू माका जावक दिलं असतंस?"

"नाही!"

"मगे?" त्यांनी हात पसरले, जणू हिशेब माझ्याच बाजूने चुकला होता. "तीन माळे माका कोण चढवतलो? नंदूची पाठ आधीच दुखता. तू सकाळी डबे करतंस, दुपारी माका बघतंस. एका खोलीत माझी खाट, तुमची खाट. ऋतिका इली तर खंय झोपतली? माझी अडचणच ती. थय घर आसा. दशरथाची बायल दोन घास घालतली."

दशरथची बायको दोन घास घालेल, यात शंका नाही. मोजून दोन. गुडघे चालत होते तेव्हाच्या एका गणपतीत सासूबाईंनी गावी चहा दुसऱ्यांदा मागितला, तर "काकी, मुंबईक असा चालता काय?" असं ती सगळ्यांदेखत म्हणाली होती. परत आल्यावर सासूबाईंनी ते मला हसत हसत सांगितलं होतं. नंतर पुन्हा एकदा सांगितलं होतं, न हसता.

"दशरथ म्हणाला, नंदादादाने. नंदादादाने काय?"

सासूबाई मांडीवरच्या गवारीच्या शिरा गोळा करायला लागल्या.

ते संध्याकाळी उलगडलं. हे ऑफिसातून आले, बूट काढले, चहा मागितला. मी चहा दिला, त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "शुक्रवारचं तिकीट कोणी काढलं?"

त्यांनी आईकडे पाहिलं. आईने भिंतीकडे.

"हे बघ, मीरा," ते म्हणाले, "आईच म्हणाली. तिचंच डोकं. म्हणाली, मीराला आत्ता नको सांगू, ती उगाच रडारड करेल. आधीच पॅकिंगचं टेन्शन तुला. म्हटलं, तुला त्रास नको. जायच्या आदल्या दिवशी सांगणारच होतो."

एका घरात दोन दोन नायक! आईने मुलासाठी त्याग करायचा, मुलाने आईचा त्याग मुकाट घशाखाली घालायचा, वर माझ्या भल्यासाठी मला कळू द्यायचं नाही. ढगात विरघळणारीच तेवढी बाकी होती.

"तू तिला विचारलंस?" रागात माझं अहो-जाहो सुटलं. लग्नानंतर सासूबाईंसमोर पहिल्यांदाच सुटलं असेल. "आई, तुला जायचंय का, असं विचारलंस?"

"अगं तीच म्हणाली, जाते. मग मी काय विचारू?"

"हेच विचारायचं! ती म्हणाली जाते. जायचंय असं म्हणाली का?"

"तू शब्दांत पकडू नकोस. मला काय आवडतंय का? मला वाटलं, तिला तिकडे बरं वाटेल. मोकळी हवा..."

"मोकळी हवा? तुझ्या बायकोला खुळी समजतोस काय? मोकळ्या हवेत तिला बाथरूमपर्यंत धरून कोण नेणार? दशरथ सकाळी बागेत जातो तो अंधार पडल्यावर येतो. तिला पडलेली कोण बघणार, माड?"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! त्यांना शालसुद्धा मिळाली आहे. घरात एक मीच राहिले होते, जिला कोणी काही सांगितलं नाही!"

त्यांचा चेहरा पडला. वाईट माणूस नाही तो. लांबड्यासुद्धा वाईट नव्हता, तीच तर चीड. वाईट असते तर सोपं होतं. ही चांगली माणसं तुमच्या वतीने दुःख सहन करून टाकतात, आणि तुमच्या हातात काय देतात, तर आयता शेवट. आता घ्या आणि रडा.

मी सासूबाईंच्या खाटेशी गेले आणि खाली फरशीवर बसले, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल आणि नीट ऐकू जाईल.

"आई, मी विचारते. घर लहान, जिना मोठा, ऋतिका कुठे झोपेल, हे सगळं बाजूला ठेवा. ते आम्ही बघू. तुम्हाला जायचंय का गावाला?"

"माका काय इचारतंस? माझा काय आता..."

"तुम्हालाच विचारते. जायचंय?"

मी वाट बघत बसले. मला हे अजिबात जमत नाही. ओळ यायला उशीर झाला की मी स्वतःची घालते, ही माझी खोडच आहे. या वेळी मी दात आवळून गप्प राहिले. ह्यांनी मध्येच घसा खाकरला, तर मी मागे न बघता हात वर केला.

"थय माका कोण इचारता?" सासूबाई शेवटी म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "एकोणीस वर्षांची असताना सोडलंय तां गाव. माझो घोव हय गेलो, झिल हय वाढलो. थय माझा काय आसा?" मग लहान मुलाने करावी तशी मान हलवली. "माका जावचा नाय."

ह्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. पुसून झाल्यावरही पुसत बसले.

"मग फोन लावा दशरथला," मी म्हटलं.

"तू लाव."

"मी का? तिकीट मी काढायला सांगितलं?"

ह्यांनी लावला. दशरथ कुरकुरला, गाडीवाला पैसे परत देणार नाही म्हणाला, आणि मग, खोटं कशाला बोलू, त्याच्याही आवाजात हायसं वाटल्यासारखं काहीतरी आलं. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "नाय येणत काय? बरां बरां." त्या बाईच्या तोंडून इतका गोड स्वर मी आजवर ऐकला नव्हता.

त्या रात्री आमचं धड बोलणं झालं नाही. हे पाठ करून झोपले. मला वाटलं होतं, मोठं काही जिंकल्यासारखं वाटेल. तसं काहीच नाही. तिसरा मजला तिथेच होता, गुडघे तसेच होते, एक खोली एकच होती. मालिकांमध्ये खरं बोलून टाकलं की गाणं लागतं. आमच्याकडे सकाळी दूध नासलं.

पण रविवारी आम्ही तिघं रिक्षाने कांदिवलीला गेलो. तिसऱ्या मजल्याला नाही म्हणून कळवलं आणि तळमजल्याची घरं बघायला लागलो. सासूबाईंना न्यायचं, हे मी ठरवलं. हे म्हणाले, तिला कशाला हिंडवायचं, आपण बघू आणि सांगू. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी रिक्षा थांबवली.

ब्रोकर धवल नावाचा गोड बोलणारा पोरगा होता. "काकू, हे घर बघा, एकदम झकास. ग्राउंड फ्लोअर, चोवीस तास पाणी, जैन मंदिर, देरासर, अगदी जवळ."

"देरासर आमका काय करूचा?" सासूबाई म्हणाल्या आणि काठी टेकत आत शिरल्या.

घर खरंच बरं होतं. एक खोली जास्तीची, छोटीशी का होईना. भाडं आमच्या आवाक्यातलं. ह्यांचा चेहरा उजळला. मी मनात कपाटं लावायला लागलेसुद्धा. सासूबाईंनी मोरीतला नळ सोडून पाहिला, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर हात फिरवून बोटं पाहिली, आतल्या खोलीत गेल्या आणि खिडकी उघडली. समोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. शेवाळलेली. एक पाइप.



"नको," त्या म्हणाल्या.

"आई!" ह्यांचा सूर चढला. "अगं किती चांगलं आहे. सकाळपासून फिरतोय आपण. याच्यापेक्षा बरं मिळणार नाही. दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे."

सासूबाई चपापल्या. मला ते स्पष्ट दिसलं. हात पदराकडे गेला, तोंड मऊ झालं, आणि मी ओळखलं की आता येणार. आता म्हणणार, तुमका आवाडला तर माका काय, माझा काय आता. त्यांचा हा सूर मी रोज ऐकत आले आहे. महिनाभर धक्क्यावरच्या त्या बाकाकडे चाललेल्या माणसाचे संवाद मी स्वतःच्या तोंडाने वाचले होते.

"आई, का नको?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पदर सोडला.

"हय खिडकीतसून माणूस दिसणा नाय," त्या म्हणाल्या, आणि आवाज हळूहळू नेहमीच्या पट्टीत आला. "तू कामात असतलंस. हो ऑफिसात. मी काय दिवसभर त्या पायपाक बघीत बसू? माका रस्तो दिसाक व्हयो. भाजीवालो, पोरां, कोणय. नायतर मगे माका गाव काय वायट होता?"



मला, खरं सांगते, रागच आला. इतकं मनासारखं घर, हातातून गेलं. चपला झिजल्या होत्या, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि ही बाई पाइप दिसतो म्हणून नाही म्हणत होती. भयंकर राग आला आणि त्याच्या आत कुठेतरी फार बरं वाटलं.

धवल हसत पुढे झाला. "काकू, मुंबईत एवढं चालतंच ना. थोडं अ‍ॅडजस्ट करा."

"जन्मभर केलंय," सासूबाई म्हणाल्या. "आता तू कर."

धवलने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे. मी सासूबाईंच्या पायात चप्पल सरकवली. धवलने मुकाट्याने खिडकी लावली आणि खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून दुसरी किल्ली शोधायला लागला.